‘विश्राम’ हा हुकूम आपण कधी शिकवला?

प्रति,
गोव्यातले सर्व क्रीडा प्रशिक्षक, शाळांमधले शारीरिक शिक्षण शिक्षक आणि क्लब व अकादम्या चालवणारे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

रोज सकाळी मैदानावर आपण दोन हुकूम देतो. सावधान आणि विश्राम. ‘सावधान’ शिकवायला आपण आठवडे घालवतो: टाचा जुळलेल्या, मुठी मिटलेल्या, नजर समोर. ‘विश्राम’ला डावा पाय बाजूला टाकला, हात मागे बांधले की काम संपलं. पोरं तेवढ्यातही चुळबुळत असतात, कारण कान पुढच्या ‘सावधान’कडे लागलेले असतात. फोंडा तालुक्यात २७ वर्षं हे दोन शब्द ओरडून माझा घसा बसला आहे. त्यातला दुसरा मला स्वतःलाच येत नव्हता, हे कळायला माझ्या नडगीचं हाड चिरावं लागलं.

पत्र जखमी खेळाडूंबद्दल आहे. खोटी चिठ्ठी आणून सराव बुडवणाऱ्यांचं मला काही म्हणायचं नाही, ते आपलं आपण बघून घेतात. दुखापत झाल्यावरही जे थांबत नाहीत, थांबायचं ठरवलं तरी ज्यांना थांबता येत नाही, त्यांच्याविषयी आणि त्यांना थांबायला ध्यानाची कशी मदत होते त्याविषयी लिहितो आहे. ही मुलं आपल्याला फार आवडतात. घोळ तिथेच आहे.

आधी माझा गुन्हा सांगतो. २०१६ साली माझ्याकडे धारबांदोड्याकडचा एक मुलगा होता. फुटबॉलमध्ये विंगला खेळायचा, हरणासारखा पळायचा. जूनमध्ये त्याच्या गुडघ्याच्या एसीएलची, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या अस्थिबंधाची, शस्त्रक्रिया झाली. फिजिओने कागदावर लिहून दिलं होतं: दिवसातून दोनदा, तीन सेट, प्रत्येकी दहा. हा पाच-पाच वेळा करायचा. त्याची आई एकदा मला बाजारात भेटली आणि म्हणाली, “सर, रातचो खाटीर पडून लेगीत पांय हालयता.” मी हसलो. दीड महिन्यात तो कुबडी घरी टाकून, लंगडत, मैदानावर आला. मी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि म्हणालो, “बघा. याला म्हणतात हाडाचा खेळाडू. तुम्ही सर्दी झाली तरी घरी बसता.”

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा चेहरा असा फुलला की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

नोव्हेंबरात भात कापून झालं, शेतात दिवे लागले, गावोगावच्या सेव्हन-अ-साइड स्पर्धा सुरू झाल्या. शस्त्रक्रियेला पाच महिने झाले होते. तो घरी न सांगता एका संघातून उतरला आणि वळताना तोच गुडघा पुन्हा गेला. गंमत अशी, की त्याच वर्षी नॉर्वेच्या ग्रिन्डेम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला होता. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर ९ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितकं प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याच्या नव्या दुखापतीचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं, असं त्यात दिसलं. मला हे कळलं तीन वर्षांनी. तेव्हा कळलं असतं तरी मी वेगळं वागलो असतो, याची खात्री देत नाही. त्याला भेटायला गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “सर, तुम्ही सगळ्यांसमोर तसं म्हणालात. मग मी थांबणार कसा?”

आता माझं. २०१९च्या पावसाळ्याआधी मी रोज पहाटे फर्मागुढीचा चढ चढून म्हार्दोळपर्यंत उतरायचो आणि परत यायचो. उजव्या नडगीवर रुपयाच्या नाण्याएवढी एक जागा दुखू लागली. बोटाने दाबली की डोळ्यांसमोर काजवे. आपल्याकडे यावर ठरलेलं औषध आहे, दुखणं अंगावर काढायचं. मी मलम चोळलं, क्रेप बँडेज गुंडाळलं, गोळी घेतली आणि धावलो. एक्स-रे स्वच्छ आला तेव्हा पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही, हे मला नंतर एमआरआय बघताना डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती आपण सगळ्यांनी पाठ करावी अशी आहे. ताण पडलेलं हाड स्वतःची दुरुस्ती करताना आधी जुना भाग पोखरून काढतं. त्याला साधारण तीन आठवडे लागतात. नवीन हाड भरायला तीन-चार महिने. म्हणजे दुरुस्ती सुरू झाल्यावर काही काळ हाड आधीपेक्षा कच्चं असतं. नेमका तेव्हाच खेळाडू म्हणतो, “आता बरं वाटतंय.”

मला पायाला आधार देणारा डॉक्टरी बूट घालून बसवलं. बसवलं म्हणजे सोप्यावरच्या खुर्चीत. आई पंचाऐंशी वर्षांची, ती रोज समोरून जाताना म्हणायची, “मातसो बस रे पुता.” मी बसलेलाच असायचो, पण तिला काय दिसत होतं ते तिलाच ठाऊक. पावले मोजणारं घड्याळ मी हातातून काढून दुखऱ्या नसलेल्या पायाला बांधलं होतं आणि खुर्चीत बसून पाय हलवत दहा हजारांचा आकडा पुरा करत होतो. ४८ वर्षांचा माणूस, शिक्षक, दोन मुलांचा बाप.

आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. आदल्या दिवशी घरात गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची गडबड. कांगलां, तोरिंजनं, सुपारीचे घड, सगळं भुईवर पसरलेलं. दरवर्षी स्टुलावर चढून बांधायचं काम माझं, त्या वर्षी भावाकडे दिलेलं. मी मागच्या दारी विहिरीच्या कठड्याला टेकून, बूट काढून, एका पायावर बैठका मारत होतो. मुलगी हातात तोरिंजन घेऊन आली. “बाबा, काका विचारतात, हे मधे बांधायचं की कडेला?” मी म्हणालो, “थांब, पन्नास होऊ देत.” ती थांबली. काही बोलली नाही. मी एकतीसपासून पन्नासपर्यंत मोजलं आणि ती ते पिवळं फळ दोन्ही हातांत धरून तिथेच उभी राहिली. पन्नास झाल्यावर मला प्रश्न काय होता तेच आठवेना.

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. नडगीची नाही.

या अवस्थेला नाव आहे, ‘व्यायामाचं व्यसन’, आणि ती नवीनही नाही. १९७० साली फ्रेडरिक बेकलँड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाला व्यायाम बंद केल्यावर झोपेवर काय परिणाम होतो ते बघायचं होतं. त्याने नेमाने व्यायाम करणाऱ्यांना महिनाभर थांबण्याचे पैसे देऊ केले. आठवड्यात पाच-सहा दिवस व्यायाम करणारे पैसे घेऊनही थांबायला तयार झाले नाहीत. शेवटी त्याला तीन-चार दिवसवाल्यांवर भागवावं लागलं, आणि तेसुद्धा महिन्याभरात झोप बिघडल्याची, जीव कासावीस झाल्याची तक्रार करू लागले. पुढे २००२ साली हॉसेनब्लास आणि सायमन्स डाउन्स यांनी २१ प्रश्नांची मोजपट्टी बनवली. तिच्यातली लक्षणं वाचताना मला आरशात बघितल्यासारखं झालं: तेवढ्याच समाधानासाठी रोज थोडा जास्त व्यायाम लागणं, एक दिवस चुकला की चिडचिड, ‘आज अर्धाच तास’ ठरवून दोन तास करणं, घरचे-मित्र मागे पडणं, आणि शेवटचं, शरीर नाही म्हणत असताना चालू ठेवणं.

मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात याला अजून स्वतंत्र आजार म्हणून जागा नाही. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. ‘व्यसन’ म्हणा, ‘बळजबरी’ म्हणा. आपल्याला मैदानावर ओळखायचं ते एवढंच: जिद्दी खेळाडू सराव करतो कारण त्याला काहीतरी मिळवायचं असतं. हा करतो कारण न केल्यास आतून काहीतरी खात असतं. पहिल्याला कारण देऊन थांबवता येतं. दुसऱ्याला तुम्ही कारण दिलं की तो मान हलवतो आणि घरी जाऊन खाटेवर पाय हलवतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पदर असतो, तो इथे सांगून टाकतो, कारण आपल्यातले बहुतेक पुरुष प्रशिक्षक त्यावर बोलायला लाजतात. व्यायामाची बळजबरी कधी कधी खाणं तोडण्याशी बांधलेली असते. पाळी महिनोन्महिने बंद झालेली धावपटू मुलगी ‘एकदम फिट’ नसते, तिची हाडं ठिसूळ होत असतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००५ पासून यावर सांगायला सुरुवात केली. अशा मुलीला ध्यानाला बसवून भागत नाही, तिला डॉक्टरांकडेच न्यायचं.

तर ध्यान. माइंडफुलनेस, म्हणजे सजगता, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मोरजीच्या किनाऱ्यावर योगाच्या चटया पसरणारे परदेशी पाहुणे डोळ्यांसमोर आले आणि मी कान बंद केले. पण माझ्या फिजिओने ज्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं, त्यांनी ना अगरबत्ती लावली, ना डोळे मिटायला सांगितले. त्या म्हणाल्या, “धावायची हुक्की येते ती शरीरात नेमकी कुठे येते, ते मला उद्या सांगा.” मला प्रश्नच कळला नाही. हुक्की म्हणजे हुक्की, तिला जागा कसली?

जागा होती. आमच्याकडे पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. त्याच्या भोंग्याचा आवाज आला की माझी धाव संपत आलेली असायची, इतकी वर्षं. आता मी खुर्चीत आणि भोंगा तोच. दुसऱ्या दिवशी लक्ष दिलं तर आवाजासरशी उजवी मांडी ताठ झाली, जबडा आवळला गेला, आणि छातीत कोणीतरी घाई करत असल्यासारखं झालं. बाईंनी वहीत लिहायला सांगितलं. ती वही अजून आहे. एका पानावर असं आहे: ५.४० – ८. ५.५० – ९. ६.०० – ९, उठावंसं वाटतंय, नाही उठलो. ६.१० – ६. ६.२० – ४, पाव आणायला गेलो. हुक्कीच्या जोराला दहापैकी गुण. बस्स, एवढंच. हुक्कीला हाकलायचं नाही, तिच्याशी भांडायचं नाही, तिचं ऐकायचंही नाही. ती चढते, टोकाला जाते आणि उतरते, हे बघत बसायचं.

ॲलन मारलॅट या मानसशास्त्रज्ञाने व्यसनमुक्तीसाठी ही रीत रुळवली आणि तिला लाटेवर स्वार होण्याची उपमा दिली. मी फोंड्याचा, दर्याशी माझा संबंध बेताचाच, आमच्याकडे गणपतीसुद्धा तळीत पोचवतात. पण वहीतले आकडे मला समजले. आजवर मी नवाच्या आकड्यालाच उठून धावत होतो, त्यामुळे त्यानंतर सहा आणि चार येतात हे मला माहीतच नव्हतं. प्रत्येक वेळी धावून मी त्या बेचैनीला हेच शिकवत होतो की तू आलीस की मी उठतो.

यात गूढ काही नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठ रुग्णालयात याच सजगतेचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, तो जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या आणि औषधांनी पुरता आराम न पडलेल्या रुग्णांसाठी. मुळात ही गोष्ट आपल्याच भूमीतून तिकडे गेली. आपण ‘शुभमंगल सावधान’ ऐकताना तरी कुठे त्या शब्दाकडे लक्ष देतो म्हणा.

मात्र इथे एक खड्डा आहे आणि उत्साहात आपण सगळे त्यात पडू, म्हणून मुद्दाम थांबतो. २०१८ साली २० जखमी खेळाडूंवरचा एक छोटा अभ्यास छापून आला. नेहमीच्या फिजिओथेरपीच्या जोडीला काहींना आठ आठवडे हे सजगतेचं प्रशिक्षण दिलं, आणि त्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढलेली दिसली. वीस माणसांवरून फार काही ठरवू नये हे एक. दुसरं असं, की हे वाचून आपल्यातला एखादा प्रशिक्षक म्हणेल, “वा! मग दुखलं तरी खेळेल.” मी पूर्वीचा असतो तर मीच म्हणालो असतो. ज्याला आधीच दुखणं अंगावर काढायची सवय आहे, त्याला वेदना आणखी सोसायला शिकवलं तर आपण त्याच्या हातात कोलीत दिलं. त्याने सोसायची ती बसून राहण्याची बेचैनी. नडगी दुखते तेव्हा ती ऐकायची, सोसायची नाही. हा फरक जो प्रशिक्षक मुलाला समजावून सांगू शकत नाही, त्याने कृपा करून ध्यानाचे वर्ग भरवू नयेत.

आणि विश्राम म्हणजे खाटेवर पडून राहणं असाही अर्थ कोणी काढू नये. स्नायू, कंडरा, हाड, सगळ्यांना बरं होताना मोजका भार लागतो, फिजिओ देतात तो व्यायाम त्याचसाठी. दहा सांगितले तर दहा. आळशी मुलगा चार करतो, आमच्यासारखे चाळीस करतात. चाळीसवाल्याचं कौतुक होतं, म्हणून त्याचा गुडघा उशिरा बरा होतो आणि कोणाला संशयही येत नाही.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. जखमी मुलगा लंगडत मैदानावर आला तर त्याला रांगेसमोर उभं करून शाबासकी देऊ नका. द्यायचीच असेल तर ज्याने डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस पाळले त्याला द्या, आणि तीही सगळ्यांसमोर. जखमी खेळाडूला ‘बरा झालास की ये’ म्हणून घरी पाठवू नका. घरी तो एकटा असतो आणि रिकाम्या वेळात हुक्कीला मोकळं रान मिळतं. त्याला मैदानावर काम द्या: घड्याळ लावणं, पासची नोंद ठेवणं, लहान मुलांचा वॉर्मअप. त्याच्या फिजिओला एकदा तरी स्वतः फोन करा. मी २७ वर्षांत पहिला फोन २०२० साली केला, हे लिहिताना मान खाली जाते. आणि सराव संपल्यावर दहा मिनिटं सगळ्या संघाला बसवा, जखमी असोत वा नसोत. श्वास कुठे लागतो, पाय कुठे ठणकतो, उठून जावंसं कधी वाटतं, ते बघू दे. फक्त जखमींना बसवलंत तर ती शिक्षा ठरते.

मुलांना विचारायचे प्रश्नही साधेच ठेवा. “पाय कसा आहे?” विचारलं की “बरा आहे सर” हेच उत्तर येणार, त्याला काही अर्थ नाही. “काल व्यायाम न केल्याने काय वाटलं?” असं विचारा. “काही नाही” म्हणणारा ठीक असतो. जो खाली बघतो, त्याच्याजवळ बसा.

पदाधिकाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. २०२३ मध्ये ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्याकडे झाल्या. त्या निमित्ताने मैदानांचं, ट्रॅकचं, दिव्यांचं किती बोलणं झालं ते आठवा. जखमी खेळाडूच्या डोक्यात काय चालतं याची बैठक मी तरी एकही पाहिली नाही. त्याला फार पैसा लागतो असंही नाही. डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवलेल्या माणसांनी समुपदेशन करून सरकारी आरोग्य केंद्रांतल्या नैराश्याच्या रुग्णांना बरं व्हायला मदत केली, हा प्रयोग गोव्यातच, ‘संगथ’ या स्वयंसेवी संस्थेने केला आणि तो २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आरोग्य केंद्रात जे जमलं ते एखाद्या शारीरिक शिक्षण शिक्षकाला किंवा महिला प्रशिक्षकाला शिकवून मैदानावर का जमू नये? प्रकरण त्यापलीकडचं असेल तर बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मी आमच्या क्रीडासाहित्याच्या खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे. खडू पुसला जातो, मी परत लिहितो.

तो धारबांदोड्याचा मुलगा आता सत्तावीस वर्षांचा आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर तो मोठ्या पातळीवर खेळला नाही. गेल्या वर्षापासून शनिवारी माझ्याकडे बारा वर्षांखालच्या मुलांना शिकवायला येतो. परवा एका पोराचा घोटा मुरगळला आणि ते रडतरडत म्हणत होतं, “मी खेळतो, मी खेळतो.” मी काही बोलायच्या आत हा त्याच्याजवळ जाऊन मांडी घालून बसला आणि म्हणाला, “खेळावंसं वाटतंय ना? कुठे वाटतंय, दाखव.” पोराने आधी घोट्यावर हात ठेवला. मग जरा विचार करून पोटावर.

सोमवारी संध्याकाळी साडेपाचला आमच्या शाळेच्या मैदानावर सराव संपल्यावरची ती दहा मिनिटं असतात. ज्यांना बघायचं असेल त्यांनी यावं, आपापले जखमी खेळाडू घेऊन. पाऊस असला तर व्हरांड्यात बसतो. खुर्च्या कमी आहेत, चटई आणलीत तर बरं होईल.

आपला,
फोंडा तालुक्यातला एक शारीरिक शिक्षण शिक्षक